लटारूभाऊ आणि बत्तीस नंबरचा गॅस

लटारूभाऊ घरात आले की चहापाण्याच्या आधी एक वाटी मागतात. वाटीत थोडं पाणी, त्यात कपडे धुण्याच्या साबणाचा तुकडा, आणि ते बोटानं घुसळत बसतात. दाट फेस आला की दाढीच्या ब्रशनं तो यंत्राच्या तांब्याच्या नळ्यांना, सांध्यासांध्यांना लावतात आणि डोळे बारीक करून पाहत राहतात. गॅस निसटत असेल तर तिथं फुगा येतो, कधी मोहरीएवढा, कधी बोराएवढा. फुगा आला की ते म्हणतात, "दिसला." नाही आला तर काहीच म्हणत नाहीत, पुढच्या सांध्याकडे वळतात. वडशातले फ्रिज आणि एसी गेली तीस वर्षं असेच दुरुस्त होत आले आहेत. त्यांचा ब्रश सगळा यंत्रांच्याच कामी येतो म्हणून की काय, भाऊंची स्वतःची दाढी मात्र कायम वाढलेली असते.

त्यांचा जन्म आरमोरीकडच्या एका खेड्यातला. वडील पोचू वडशाच्या राइस मिलमध्ये हमाली करायचे आणि धानाच्या हंगामात मुलाला सोबत आणायचे. मुलाचं लक्ष पोत्यांपेक्षा मोटरीकडे. आठवीत गणितानं दगा दिला आणि शाळा सुटली ती सुटलीच. मोटर वाइंडिंगच्या दुकानात चार वर्षं तार गुंडाळली. मग एका कुल्फीवाल्यानं बंद पडलेला फ्रिज भंगारात काढला, तो यांनी मागून घेतला, घरच्या ओसरीत पूर्ण उघडला आणि कोणती नळी कुठून कुठे जाते याचं चित्र कोळशानं भिंतीवर काढलं. दर दिवाळीला भिंत रंगवताना तेवढी जागा सोडून त्यांच्या बायकोनं, सीताबाईंनी, ते चित्र कितीतरी वर्षं सांभाळलं. सीताबाई सांगतात की लग्न होऊन आल्यावर आधी त्यांना तो नकाशा समजावून सांगण्यात आला, आणि घर नंतर दाखवण्यात आलं.

उन्हाळा संपला की भाऊंच्या हाताला काम नसतं. पण वडशात हिवाळा रिकामा जात नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, मंडईच्या रात्री नाटक होतं, आणि त्या नाटकांच्या कंपन्या सगळ्या आमच्याच गावात पाट्या लावून बसलेल्या. भाऊ एका कंपनीसोबत जातात. दिवे त्यांचे, पडदा ओढणं त्यांचं, आणि स्वप्नाचा किंवा स्वर्गाचा प्रवेश आला की रंगमंचावर सोडायचा पांढरा धूरही त्यांचाच. माझ्या सासूबाई, सुगंधाबाई, त्यांना मिस्त्री म्हणून ओळखतच नाहीत. त्यांच्या लेखी लटारू म्हणजे धूरवाला. वयाची ऐंशी झाली तरी त्या घोंगडी घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसतात आणि नाटक बिघडलं तर तिथूनच सांगतात.

हे सगळं सांगायचं कारण यंदाचा उन्हाळा. आमची उर्वशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. ती आणि जावई कुलदीप चंद्रपूरला असतात. तारीख मेच्या मध्यावरची. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या खाली उतरत नाही, आणि त्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिचा रक्तदाब वर सरकतो आहे, उन्हाचा त्रास अजिबात होऊ देऊ नका, खोली थंड ठेवा. कूलरचा विचार मी आधीच सोडला. कूलरमध्ये पाणी साचतं, पाण्यात डास होतात, आणि मलेरियानं गाजलेल्या आमच्या गडचिरोली जिल्ह्यात डासाच्या एका चाव्याचा विचार करूनही माझी झोप उडते. तेव्हा भरवसा होता तो आमच्या जुन्या एसीवर. उर्वशी दहावीला होती त्या वर्षी घेतलेला, खिडकीत बसवलेला, चालू केला की ट्रॅक्टरसारखा आवाज करणारा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी तो लावून पाहिला. आवाज ट्रॅक्टरचाच, हवा मात्र बाहेर होती तशीच.

लटारूभाऊ आले, वाटी मागितली, आणि अर्ध्या तासात तीनदा "दिसला" म्हणाले. आतली कॉइल झिजून तिला तीन ठिकाणी छिद्रं पडली होती. त्यांनी ब्रश वाटीत ठेवला आणि ओट्यावर बसून आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि माझ्या यजमानांना, सगळं नीट सांगितलं. छिद्रं बुजवून गॅस भरता येईल, पण कॉइल सगळीच पातळ झाली आहे, दीड-दोन महिन्यांत चौथं छिद्र पडेल. आणि तेव्हा उर्वशीला नववा महिना असेल. शिवाय हा जुना बावीस नंबरचा गॅस आता जाणारा. उन्हापासून पृथ्वीला सांभाळणारा वरचा थर त्या गॅसनं विरतो, म्हणून जगभर तो हळूहळू बंद करत आणला आहे. आपल्याकडेही या जानेवारीपासून त्याची नवी यंत्रं बनवायची मनाई झाली. दुरुस्तीपुरता तो अजून मिळतो, पण दर वर्षी कमी, आणि दर वर्षी महाग.

आमचे हे, खुशालराव, कृषी विभागातून निवृत्त झालेले. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. ते म्हणाले की नव्या गॅसवरही पुढे निर्बंध येणार असं छापून आलं आहे, तर मग दोन वर्षं थांबून त्याच्याही पुढचा गॅस आला की एकदमच घेऊ. मी त्यांना विचारलं की बाळालाही दोन वर्षं थांबायला सांगू का. त्यावर ते पेपर घेऊन अंगणात गेले.

लटारूभाऊंनी त्यांची बाजू घेतली नाही आणि माझीही घेतली नाही. ते म्हणाले की नव्या, म्हणजे बत्तीस नंबरच्या गॅसचं यंत्र आज घेतलं तर ते त्याचं आयुष्य सरळ जगेल, त्याची काळजी नको. वीजही कमी खाईल. अडचण वेगळी होती.

"मी बत्तीस नंबर अजून हातात नाई घेतला, वयनी," ते म्हणाले. "तो पेट घेते. लवकर नाई घेत, पर घेते. त्याची हत्यारं वेगळी, भरायची रीत वेगळी. दुसऱ्याच्या घरी करता करता शिकलो असतो. इथी पोरगी येऊन राह्यली."

पेट घेतो हा एकच शब्द माझ्या डोक्यात राहिला. दुकानदाराचा बसवणारा माणूस नागपूरहून यायचा, हंगामात पंधरा-पंधरा दिवस लागायचे, आणि बसवून तो निघून गेला की मागे काही झालं तर हाक कोणाला मारायची? मला यंत्र कोणतंही चाललं असतं. भिंतीवर चढणारा माणूस मात्र मला लटारूभाऊच हवा होता.

तेव्हा त्यांना शिकायला पाठवायचं ठरवलं. नागपूरला जुन्या मिस्त्र्यांसाठी नव्या गॅसचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. भाऊ तयार होईनात. सत्तावन्न वर्षांचा माणूस आयटीआयच्या पोरांच्या शेजारी बाकावर बसणार, आठवी नापास माणसाला प्रमाणपत्र कोण देणार, असं त्यांचं चाललं होतं. मी त्यांच्या मोबाइलवर फॉर्म भरला. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहू विचारलं तर म्हणाले, "लिवा, भिंतीवर झालं." मी अनुभव तीस वर्षे असं लिहिलं.

तारखा मिळाल्या त्या एप्रिलमधल्या मंगळवार-बुधवारच्या. उर्वशी त्याच आठवड्याच्या रविवारी यायची होती. सोमवारी भाऊ एसटीनं गेले, आणि मी कॅलेंडरसमोर उभी राहून उरलेले दिवस पाहत राहिले.

मंगळवारी दुपारी माझ्या भाच्यानं फोन केला की त्याच्या ओळखीचा एक मिस्त्री याच बाजूला आला आहे, मावशीचं काम आजच करून देतो म्हणतो. माणूस आला. बोलायला गोड, हातात चकचकीत पेटी. त्यानं आमच्या जुन्या एसीवर थाप मारली आणि सांगितलं की नवं यंत्र कशाला घेता, कॉइलला ठिगळ मारतो आणि यातच नवा गॅस भरतो, आधीपेक्षा दुप्पट थंड होईल, संध्याकाळपर्यंत खोली तयार. मला तेच तर ऐकायचं होतं. संध्याकाळपर्यंत खोली तयार! मी त्याला पाणी दिलं, तो स्टुलावर चढला, पाना काढला. आणि पाना काढल्यावर माझं मन काही केल्या स्वस्थ बसेना. मी मागच्या दारी जाऊन लटारूभाऊंना फोन लावला.

वर्ग चालू होता. ते बाहेर येऊन कुजबुजत बोलले. मी काय चाललं आहे ते सांगितलं.

"वयनी, हेच सर सकाळपासून सांगून राह्यले," ते म्हणाले. "जुन्या मशीनमंधी पेटनारा गॅस भरायचा नाई. ती मशीन त्यासाठी बनलीच नाई, त्यातली वायर, बटन, सारं ठिनगी देनारं. त्याले म्हना, खाली उतर. च्या पाजा आन पाठवा. मी उद्या रात्री येतो."

मी त्याला खाली उतरवलं. चहा पाजला. मुलगी यायची आहे, घरात आता ठोकाठोक नको, असं काहीतरी सांगितलं. सासूबाईंनी विचारलं की तो पाव्हना काऊन गेला. मी म्हटलं, त्याची गाडी होती.

गुरुवारी सकाळी लटारूभाऊ आले ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं प्रमाणपत्र घेऊन. मी ते हातात घेऊन मोठ्यानं वाचलं, नाव आणि पुढे सगळं, आणि भाऊ पायाच्या अंगठ्याकडे बघत उभे राहिले. मग चहा घेता घेता वर्गाची हकिकत निघाली. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं होतं, गळती कशी शोधाल. सगळी पोरं म्हणाली, यंत्रानं. हे म्हणाले, साबणानं. वर्ग हसला. मग सरांनी गळती शोधायचं ते छोटं यंत्र काढलं आणि एका नळीजवळ धरलं, तर ते टीं टीं करायला लागलं. दुसरीजवळ धरलं तरी टीं टीं. भिंतीजवळ नेलं तरी टीं टीं. शेवटी कळलं की पुढच्या बाकावरच्या एका पोरानं अंगावर अत्तराची अर्धी बाटली ओतली होती, आणि यंत्र त्याचाच माग काढत होतं. सरांनीच मग हसत कॅन्टीनमधून साबण मागवला. भाऊंनी फेस केला, ब्रश फिरवला, आणि चौथ्या सांध्यावर म्हणाले, "दिसला."

पण एक गोष्ट सांगताना ते हसले नाहीत. आजवर जुनं यंत्र उघडलं की आत उरलेला गॅस ते हवेत सोडून देत आले होते. सगळेच देत. फुस्स आवाज यायचा, गल्लीतली लेकरं तो ऐकायला जमायची. वर्गात त्यांना पहिल्यांदा नीट कळलं की तो फुस्स कुठवर जातो. "तीस वर्सं सोडला, वयनी," एवढंच ते म्हणाले. नागपूरहून येताना त्यांनी जुना गॅस काढून घेण्याची टाकी आणि पंप भाड्यानं आणला होता. आमच्या जुन्या एसीत गॅस उरला असेल तो किती, पण त्यांनी एक तास बसून तो टाकीत ओढून घेतला, दूध तापवताना पातेल्याजवळ बसावं तसं काट्यावर लक्ष ठेवून. खुशालरावही पेपर खाली ठेवून शेजारी बसले. त्यांनाही ते पटलं असावं, कारण दुपारी स्वतःच दुकानात जाऊ म्हणाले.

यंत्र घेण्याआधी भाऊंनी खोली टेपनं मोजली. बत्तीस नंबरमध्ये खोलीच्या मापाला महत्त्व आहे. गॅस जेवढा जास्त, तेवढी खोली मोठी हवी, म्हणजे चुकून गळला तरी पातळ होऊन जातो. आमची खोली मापात बसत होती. शुक्रवारी ते सकाळी सातला आले. भिंतीला भोक पाडलं, होतील तेवढे सांधे खोलीच्या बाहेर घेतले, पंप लावून नळ्यांमधली हवा काढली. मी दर दहा मिनिटांनी काहीतरी विचारत होते आणि ते न कंटाळता उत्तर देत होते. मग वाटी आली, ब्रश आला. एकेक सांधा फेसानं पांढरा झाला आणि भाऊ एकेका सांध्याजवळून काही न बोलता पुढे गेले. एवढी शांतता मला कधी आवडली नव्हती.

बारा वाजता त्यांनी यंत्र सुरू केलं. आवाजच नाही. खुशालरावांना वाटलं लागलंच नाही. आणि मग थंड हवेची एक लहर खाली आली आणि मी खरोखर भिंतीला टेकून उभी राहिले.

नेमक्या त्या वेळी सासूबाई आत आल्या. दोन्ही हातांत शेगडी. माळ्यावरून उतरवून, चिंचेनं घासून, लखलखीत केलेली. उर्वशीच्या वेळची, आणि त्याआधी खुशालरावांच्याही वेळची. खोलीत एक बाज टाकून ठेवली होती, त्यांनी वाकून शेगडी त्या बाजेखाली सरकवली. बाळंतिणीला सव्वा महिना शेक द्यायचा, बाजेखाली निखारे, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशोपा, अशी त्यांची रीत. बाज बरोबर यंत्राच्या खाली होती. ती मीच तिथं ठेवली होती, हवा सरळ मिळावी म्हणून. सव्वा महिन्यापासून गॅस, आग, डास, तारीख, अशा एकेका गोष्टीनं मी काळीज कुरतडून घेत होते, आणि या घरात बाळंतपण म्हणजे शेगडी आलीच, एवढं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

लटारूभाऊ शिडीवरून उतरले. शेगडीकडे पाहिलं, वर यंत्राकडे पाहिलं.

"माय, इथी विस्तव नाई चालनार," ते म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे न पाहताच सांगितलं की या घरात बिनशेकाची बाळंतीण त्यांनी पाहिली नाही आणि आता पाहणारही नाहीत. यंत्र विस्तवाला भीत असेल तर यंत्र काढा. खुशालराव मध्ये पडले आणि गॅसविषयी पेपरात वाचलेलं सांगू लागले. सासूबाई म्हणाल्या की तो पेपर बाळंत होणार आहे का. मी डॉक्टरांचं नाव घेतलं. त्यावर त्यांनी डॉक्टर किती वर्षांची आहे ते विचारलं. रविवारी उर्वशी येणार होती, आणि माझ्यासमोर दोनच वाटा दिसत होत्या. एक तर यंत्र बंद करून मुलीला उकाड्यात ठेवायचं, नाही तर ऐंशी वर्षांच्या बाईला तिच्याच घरात हरवायचं.

भाऊ बाजेच्या कडेला जमिनीवरच बसले. हत्यारं पिशवीत भरता भरता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माय, मागच्या मंडईच्या नाटकात राजाच्या सपनाचा प्रवेश होता. धूर सोडला होता म्या. आठोते?"

सासूबाईंना नाटकाचा विषय कधीच टाळता येत नाही. म्हणाल्या, आठवतो म्हणजे काय, राजा उंच सिंहासनावर आणि धूर त्याच्या गुडघ्याच्या वर जाईना. तेव्हाच सांगितलं होतं, धूर कमी पडला म्हणून.

"कमी नाई पडला. तो वर जातच नाई. सुक्या बर्फाचा थंड धूर, जड असते. मंग गेला कुठी?"

"कुठी म्हनजे? मंचावरून खाली आला. माया पायावर. पाय गारठले माये, घोंगडीत घ्या लागले."

"हं," भाऊ म्हणाले. "हा गॅस तसाच. दिसत नाई, वास येत नाई, आन गळला त वर नाई जात. भिंतीवरून खाली येते, फरशीवर पसरते. पहिल्या रांगेत कोन बसलं हाय, पायजा."

सासूबाईंनी पाहिलं. पहिल्या रांगेत शेगडी बसली होती.

भाऊ पुढे हळू आवाजात म्हणाले की गॅस थोडा आहे, सांधे त्यांनी स्वतः तपासले आहेत, बहुतेक कधीच गळणार नाही. पण एसी लावायचा म्हणजे दारं-खिडक्या बंद, आणि बंद खोलीत निखाऱ्यांचा धूर साचला तर तो गॅसच्याही आधी माणसाला गाठतो. ते काही त्यांना वर्गात शिकवलेलं नव्हतं. जुन्या काळच्या खोल्यांना कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, फटी होत्या, तिथून धूर निघून जायचा, आता स्लॅब आहे, एवढंच ते म्हणाले.

सासूबाई वाकल्या, बाजेखालून शेगडी ओढली आणि माझ्या हातात दिली. "मागच्या ओसरीत ठेव," त्या म्हणाल्या. "सकाळी तिथी शेकून घेईन पोरीले, हवेशीर. मंग आनून नीजवा इथी, तुमच्या सपनात." दारातून मागे वळून त्यांनी भाऊंना आणखी एक सांगितलं की यंत्राची थंडी किती ठेवायची ते मात्र त्या ठरवणार, आणि त्याचं बटण त्यांच्याजवळ राहील.

भाऊंनी दोन्ही हातांनी रिमोट त्यांच्या स्वाधीन केला. बाज मग मी यंत्राखालून हलवून समोरच्या भिंतीला लावली.

रविवारी उर्वशी आली. कुलदीपनं तिला गाडीतून उतरवलं तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता, पाय सुजले होते. ती त्या खोलीत जाऊन बाजेवर आडवी झाली आणि म्हणाली, "आई, आता मी इथून हलणार नाही." आणि खरंच फारशी हलली नाही. नर्सबाई दर आठवड्याला रक्तदाब पाहायला यायच्या, आणि तिसऱ्या आठवड्यात तो जागेवर आला तेव्हा त्यांनी खोलीचं कौतुक केलं. स्वतःही गरजेपेक्षा अर्धा तास जास्त बसल्या. सासूबाई रिमोट कमरेला खोचून फिरायच्या. अठ्ठावीसच्या खाली एक आकडा उतरवायचा तर उर्वशीला त्यांच्याकडून दोन नाटकांच्या गोष्टी पूर्ण ऐकाव्या लागत.

मेच्या मध्यावर, एका बुधवारी पहाटे, गडचिरोलीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. दोघीही सुखरूप. आईबापांनी मोबाइलमध्ये शोधून तिच्यासाठी एक नाजूकसं नाव काढलं आहे. सासूबाई पहिल्या दिवसापासून तिला बुधरी म्हणतात, आणि आता सगळेच म्हणतात.

बारशाला बाहेर शेहेचाळीस डिग्री होतं. बायकांनी पाळणा ओसरीत बांधायचा विचार एका नजरेत मोडीत काढला आणि त्या सगळ्या खोलीत शिरल्या. सीताबाईही त्यांच्यात. लटारूभाऊ दारात आले, आतली गर्दी पाहिली, वर यंत्राकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"वयनी, हे मशीन खोली मोजून घेतलं," ते मला म्हणाले. "बारसं नाई मोजलं."

आतून कोणीतरी ओरडलं की भाऊ, आत या नाही तर बाहेर जा, पण दार लावा. त्यांनी दार लावलं आणि मागच्या ओसरीत गेले. तिथं सासूबाई शेगडीजवळ बसल्या होत्या, मांडीवर बुधरी. ओव्याचा वास सुटला होता, अंगणातून वारा येत होता, गरम, पण वारा. नाव ठेवायला अवकाश होता म्हणून त्यांनी पोरीला शेकायला घेतलं होतं. भाऊ शेजारी टेकले. मी चहा घेऊन गेले तेव्हा सासूबाई कमरेचा रिमोट काढून त्यांच्यापुढे धरत होत्या.

"घे गा, लय बाया झाल्या आत. तुले समजते तसं कर."

भाऊंनी भिंतीकडे रिमोट धरला. मी त्यांना सांगितलं की मधे भिंत आहे, आत जावं लागेल. ते उठले, आत गेले, आतून बायकांचा हसण्याचा आवाज आला, आणि ते परत येऊन बसले. किती केलं म्हणून सासूबाईंनी विचारलं. बावीस, ते म्हणाले. सासूबाईंनी डोळे मोठे केले. बुधरीच्या तळपायांवर गरम हाताचा शेक देत राहिल्या.

"यंदाच्या मंडईत धूर जरा बेतानं सोड, लटारू," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "हिले पुढच्या रांगेत घेऊन बसनार हाय मी."

"सोडतो ना, माय," भाऊ म्हणाले. "पर तिले पाय वर घ्यायले शिकोजा."